चर्चा: सुरक्षेचा पॅच एका ओळीचाच असावा का?

रिंग_झिरो (धागाकर्ता)
सीव्हीई-२०१६-०७२८ (सुरक्षेतल्या एका जाहीर दोषाचा क्रमांक) घ्या. लिनक्स कर्नलमधलं जॉइन_सेशन_कीरिंग हे फंक्शन नावावरून कीरिंग (गुप्त किल्ल्यांचा जुडगा) शोधतं आणि शोधताना तिचा रेफरन्स काउंट (ती किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) एकने वाढवतं. सापडलेली कीरिंग प्रोसेसकडे आधीपासून असलेलीच निघाली, तर कोड 'एरर२' लेबलवर उडी मारायचा. तिथे म्युटेक्स (कुलूप) सुटतो, पण वाढवलेला काउंट कोणीच उतरवत नाही. काउंटर ३२ बिटांचा, मशीन ६४ बिटांचं असलं तरी. साधारण ४२९ कोटी कॉल केले की तो फिरून शून्यावर येतो, कीरिंग फ्री होते (तिची मेमरी मोकळी केली जाते) आणि प्रोसेसकडचा पॉइंटर मोकळ्या जागेकडे बोट दाखवत राहतो. इंटेल कोअर आय७-५५०० वर याला अर्धा तास पुरला होता.

दुरुस्ती काय, तर उडीच्या आधी की_पुट(कीरिंग), म्हणजे काउंट एकने उतरवणं. एक ओळ! माझ्या मते सुरक्षेचा पॅच असाच हवा. त्याच पॅचमध्ये फंक्शनची फेरमांडणी वगैरे उद्योग नकोत.

गंजलेला
असहमत. ती ओळ त्या एका वाटेपुरती. उद्या कोणी नवी वाट जोडली आणि विसरला की पुन्हा तेच. रस्ट भाषेत आर्क (स्वतःच काउंट ठेवणारा पॉइंटर) स्कोपबाहेर, म्हणजे त्याच्या कोडच्या हद्दीबाहेर, गेला की काउंट आपोआप उतरतो. विसरायला जागाच नाही.

सी_च_बरी
मेमरी लीक करणं रस्टच्या व्याख्येनुसार 'सुरक्षित'च आहे. मेम::फर्गेट (वस्तू न सोडवताच विसरणारं फंक्शन) वापरायला अनसेफ ब्लॉक (धोक्याच्या कोडची खास चौकट) लागत नाही, हे सोयीने विसरलात. शिवाय रस्ट कर्नलमध्ये आलं ६.१ पासून, डिसेंबर २०२२ मध्ये. बग ३.८ पासूनचा, जाहीर झाला जानेवारी २०१६ मध्ये. तेव्हा ३.१० चालवणाऱ्याला काय देणार होतात?

गंजलेला
फर्गेट माणूस मुद्दाम लिहितो, गोटो (ती लेबलवरची उडी) चुकून निसटतो. फरक तिथे आहे. रस्ट नको असेल तर कर्नल ६.५ पासून सी मध्येही __फ्री() आहे, तोही हद्द संपली की आपोआप सोडवतो. मात्र तो आणि गोटो एकाच फंक्शनमध्ये मिसळू नका, असं त्याच्या हेडर फाइलमध्येच लिहिलंय; म्हणजे बदलायचं तर अख्खं फंक्शन बदला.

सी_च_बरी
म्हणजे धागाकर्त्याचंच म्हणणं खरं ठरलं. अख्खं फंक्शन बदलणारा पॅच तीन जुन्या शाखांवर लावून बघा, प्रत्येक हंक (पॅचचा तुकडा) रिजेक्ट होईल.

काउंटर_पहारा
दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाही आहात. लीक एक रेफरन्सचा होता. त्याचं यूज-आफ्टर-फ्री (मोकळी केलेली मेमरी वापरणं) झालं ते काउंटर उलटू शकत होता म्हणून. ४.११ मध्ये, २०१७ साली, रेफकाउंट_टी हा काउंटरचा नवा टाइप आला. तो मर्यादेपलीकडे गेला की तिथेच अडकतो, वॉर्निंग देतो आणि ती वस्तू पुन्हा कधीच फ्री होत नाही. हल्लेखोराला रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळण्याऐवजी थोडी मेमरी वाया जाते, एवढंच. नेटवर्किंगवाल्यांनी वेग कमी होतो म्हणून कुरकुर केली होती, ती अगदीच खोटी नव्हती. आणि हो, गंजलेले, तुमचा कर्नलमधला आर्कसुद्धा याच रेफकाउंट_टी वर उभा आहे.

सी_च_बरी
पॅनिक_ऑन_वॉर्न (वॉर्निंग आली की कर्नल थांबवणारी सेटिंग) चालू असलेल्या सर्व्हरवर तीच वॉर्निंग मशीन पाडते. तेव्हा 'थोडी मेमरी' म्हणताना जपून.

काउंटर_पहारा
मान्य. पडलेलं मशीन परत उठतं, हातातून गेलेल्या रूटचं तसं नाही.

बॅकपोर्टवाला
पॅच दोन पाठवा, वाद मिटेल. पहिला एका ओळीचा, 'फिक्सेस' (कोणती चूक सुधारली) आणि स्टेबलच्या (जुन्या शाखांतही लावा) टॅगसह. टाइप बदलायचा तो दुसरा, फक्त मेनलाइनसाठी (कर्नलची मुख्य, नवी शाखा).

पण तपासणार कसं, हे कोणीच बोललं नाही. केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) इथे गप्प बसतं, कारण काउंट शून्यावर येईपर्यंत काहीच फ्री होत नाही. केमेमलीक (लीक शोधणारं साधन) हेही गप्प, कारण कीरिंगकडे जाणारे पॉइंटर शाबूत असतात. ४२९ कोटी कॉलही नकोत. एकाच नावाने १०० वेळा जॉइन करा, प्रोसेस जिवंत असतानाच /प्रॉक/कीज ही फाइल उघडा आणि तिसरा रकाना, म्हणजे काउंट, बघा. पॅच नसेल तर आकडा शंभराच्या घरात, असेल तर एक-दोनवरच. पहिल्या कॉलनंतर सेटपर्मने (कीरिंगच्या परवानग्या बदलणारा कॉल) युजरला सर्चची परवानगी द्यायला विसरू नका. ती नसेल तर कर्नलला जुनी कीरिंग सापडतच नाही, दर वेळी नवी बनते आणि पॅच न लावलेला कर्नलही टेस्टमध्ये पास होतो.