प्रति: पडद्याचा दांडा मधे वाकतो

दांडा वाकतो म्हणून त्याजागी जाड पाइप घेण्याआधी मधे तिसरा ब्रॅकेट लावून बघा. साडेसात फुटी खिडकीला दोनच टेकू दिले तर जड पडद्यांनी एक इंची पाइपही झोल खाऊ शकतो. कड्या मधल्या ब्रॅकेटपलीकडे सरकणार नाहीत, पण पडदे दोन बाजूंना उघडत असाल तर अडत नाही.

मी ब्रॅकेट उरलेल्या सागवानी पट्टीचे केलेत. मागे भिंतीला टेकणारी छोटी पाटी, तिच्या मागून दोन स्क्रू आणि फेविकॉल लावून साडेतीन इंची हात जोडला. हाताच्या टोकाला पाइपपेक्षा २ मिमी मोठं भोक पाडलं आणि ते वरून करवतीने उघडं केलं. पडदे धुवायला काढताना दांडा नुसता उचलायचा. (आधी भोक बंदच ठेवलं होतं, पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत अक्कल आली.)

खरी डोकेदुखी भिंतीची. खिडकीवर लिंटेलचं (वरच्या भिंतीचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईचं) काँक्रीट असतं, तिथे साधं ड्रिल नुसतं गरगरतं. हॅमर ड्रिल (फिरता फिरता ठोके देणारं) भाड्याने आणा, नाहीतर ब्रॅकेट लिंटेलच्या वर विटेत घ्या. आणि गट्टू (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवतात तो) नुसत्या प्लास्टरमध्ये अडकवू नका, पडद्यासकट खाली येतो. स्क्रू दोन इंची तरी हवा.