अमेरिकेचा मतदानाचा नकाशा: माणसं बघायची की मुलूख?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

मोजपट्टी

2024 च्या निकालानंतर "अमेरिकेत वंश-वर्णाची गणितं आता संपली" हे वाक्य सतत कानावर पडतंय. मला ते पटत नाही. काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) निकाल आणि जनगणनेचे आकडे शेजारी मांडले की कोण कुठे राहतो यावरूनच नकाशाचा मोठा भाग उलगडतो.

अलाबामाचा ब्लॅक बेल्ट घ्या. डायनोसॉरच्या काळात तिथे उथळ समुद्राचा किनारा होता. तळाशी खडूचा थर साचला, त्यावर काळी कसदार जमीन झाली. 19 व्या शतकात तिथे कापसाचे मळे आले, राबायला गुलाम आणले गेले, आणि त्यांच्या वंशजांची तिथल्या अनेक काउंट्यांत आजही बहुसंख्या आहे. गर्द लाल (रिपब्लिकन) राज्याच्या मधोमध निळा (डेमोक्रॅट) पट्टा दिसतो तो हाच. ग्रीन आणि मेकन काउंट्यांत 2020 ला बायडन यांना 80 टक्क्यांहून जास्त मतं पडली.

दुसरं उदाहरण अटलांटाच्या उपनगरांचं. ग्विनेट काउंटीत 1990 ला दहापैकी जवळपास नऊ जण गोरे होते. 2020 च्या जनगणनेत ते प्रमाण तिघांत एकावर आलं. 2012 ला ग्विनेट आणि कॉब दोन्हीकडे रिपब्लिकन रोम्नी जिंकले, 2016 ला दोन्हीकडे डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन. मग 2020 ला बायडन यांनी अख्खं जॉर्जिया 11,779 मतांनी घेतलं. वस्ती बदलली, निकाल बदलला. यात गूढ काय आहे?

तिरपागडे

गूढ मिसिसिपीत आहे. कृष्णवर्णीयांचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेलं राज्य तेच, 37-38 टक्के. पण 1976 ला कार्टर जिंकले त्यानंतर आजतागायत एकही डेमोक्रॅट उमेदवार तिथे अध्यक्षपदासाठी जिंकलेला नाही. तुमच्या हिशेबाने ते निदान अटीतटीचं राज्य असायला हवं होतं.

खरी मेख गोऱ्या मतदारांत आहे. 2008 च्या एक्झिट पोलमध्ये ओबामांना मिसिसिपीतल्या गोऱ्यांची 11 टक्के मतं होती, व्हरमाँटमधल्या गोऱ्यांची 68 टक्के. गट एकच, निवडणूक एकच, उमेदवारही तोच. फरक पडला तो मुलखाने.

आणखी एक जोडी: व्हरमाँट आणि वेस्ट व्हर्जिनिया. दोन्ही डोंगराळ, दोन्हीकडे छोटी गावं, दोन्हीकडे सुमारे 90 टक्के वस्ती गोऱ्यांची. 2024 ला एकात हॅरिस यांना 63 टक्क्यांच्या पुढे मतं, दुसऱ्यात ट्रम्प यांना 70 टक्के. मजा म्हणजे व्हरमाँटने 1856 पासून 1960 पर्यंत एकदाही डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला नव्हता, तर वेस्ट व्हर्जिनिया हे कोळसा-खाणी आणि कामगार संघटनांचं राज्य 1996 पर्यंत बहुतेक वेळा डेमोक्रॅटांचं. दोन्ही उलटी झाली आणि वस्ती मात्र गोरीच राहिली.

मोजपट्टी

मिसिसिपीतले गोरे एकगठ्ठा मतदान करतात ते *का*, हे बघा की. दक्षिणेत जिथे कृष्णवर्णीय जास्त, तिथे गोऱ्यांचं मतदान जास्त एकवटलेलं दिसतं. म्हणजे वस्तीची घडण इथेही काम करतेच, फक्त सरळ बेरजेसारखी नाही. व्हरमाँट आणि वेस्ट व्हर्जिनियाचं उत्तरही गटातच आहे: पहिलं देशातल्या सगळ्यात कमी धार्मिक राज्यांपैकी, दुसऱ्यात इव्हँजेलिकल (परंपरानिष्ठ प्रोटेस्टंट ख्रिस्ती) भरपूर. वर शिक्षणाचा फरक.

तिरपागडे

वर्णाने जमलं नाही की धर्म, धर्माने जमलं नाही की शिक्षण, आणि प्रत्येक वेळी "बघा, गटच!" अशाने तुमचं म्हणणं कधीच खोटं ठरायचं नाही. निकालाआधी सांगा कुठला गट मोजायचा, मग बोलू.

आकडेबहाद्दर

दोघेही जोरात आहात, पण "अमुक गटाने इतके टक्के मत दिलं" हा आकडा येतो कुठून हे आधी पाहू. मतपत्रिकेवर वर्ण लिहिलेला नसतो. त्यामुळे दोनच रस्ते उरतात: लोकांना विचारणं, किंवा मतदान केंद्रनिहाय निकालावरून अंदाज बांधणं.

दुसरा रस्ता कोर्टातही चालतो. 1986 च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स खटल्यापासून मतदारसंघांच्या आखणीवरच्या दाव्यांत वर्णानुसार मतं फुटतात हे दाखवावं लागतं. अलाबामाच्या ज्या खटल्यात 2023 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, त्यातही असंच विश्लेषण होतं. राज्यात कृष्णवर्णीय साधारण 27 टक्के, आणि सातपैकी एकाच मतदारसंघात त्यांचं चालायचं. नव्या आखणीनंतर 2024 ला 2 क्रमांकाच्या मतदारसंघातून कृष्णवर्णीय शोमारी फिगर्स निवडून आले.

करायचं कसं? सगळ्यात साधी पद्धत म्हणजे ज्या केंद्रांत एकाच गटाचे 90 टक्क्यांहून जास्त मतदार आहेत तेवढीच वेगळी काढून त्यांचा निकाल बघणं. अडचण अशी की एकजिनसी वस्तीत राहणारे लोक आणि मिश्र वस्तीत राहणारे त्याच गटाचे लोक सारखं मत देतातच असं नाही.

दुसरी पद्धत मर्यादा काढण्याची. समजा एका केंद्रात 100 मतं पडली, मतदारांत 80 कृष्णवर्णीय आणि 20 गोरे, आणि डेमोक्रॅटला 85 मतं. वीसच्या वीस गोऱ्यांनी डेमोक्रॅटला दिली असं धरलं तरी उरलेली 65 मतं कृष्णवर्णीयांचीच. म्हणजे त्यांचा पाठिंबा कमीत कमी 81 टक्के, जास्तीत जास्त 100. ही पक्की माहिती झाली. आता 40 कृष्णवर्णीय, 60 गोरे आणि डेमोक्रॅटला 50 मतं असं केंद्र घ्या. कृष्णवर्णीयांचा पाठिंबा शून्यापासून 100 पर्यंत काहीही असू शकतो! मिश्र उपनगरांबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांनी हे उदाहरण कागदावर करून बघावं.

तिसरी, 1953 ची गुडमन यांची पद्धत: आडव्या अक्षावर गटाचं प्रमाण, उभ्यावर पक्षाची मतं, सगळ्या केंद्रांतून एक सरळ रेषा काढायची आणि ती 100 टक्क्यांपाशी कुठे पोचते ते वाचायचं. पुष्कळदा ती 104 टक्क्यांवर पोचते, म्हणजे निव्वळ अशक्य. मग 1997 ला गॅरी किंग यांनी वरच्या मर्यादा आणि ही रेषा एकत्र बसवली. आज बहुतेक जण तीच किंवा तिची पुढची रूपं वापरतात.

नवशिके हमखास अडकतात ते इथे. एक, लोकसंख्या आणि मतदार यांची गल्लत. टेक्सासमध्ये लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाची) लोकसंख्या सुमारे 40 टक्के, पण त्यातली मुलं आणि नागरिक नसलेले वगळले की प्रमाण बरंच खाली येतं. म्हणून जनगणना खात्याचा प्रौढ नागरिकांचा वेगळा तक्ता घ्यायचा, एकूण लोकसंख्येचा नाही. दोन, लवकर पडलेली आणि टपालाची मतं काही काउंट्या केंद्रांत वाटतच नाहीत, एकाच खात्यात टाकतात. तेवढं सोडून उरलेल्या केंद्रांवर रेषा काढली तर ती फक्त मतदानाच्या दिवशी आलेल्यांची असते. तीन, 2020 च्या जनगणनेत गोपनीयतेसाठी छोट्या ब्लॉकच्या (जनगणनेच्या सगळ्यात लहान तुकड्याच्या) आकड्यांत मुद्दाम गोंगाट, म्हणजे थोडे यादृच्छिक फेरफार, मिसळलेला आहे, त्यामुळे एकेका ब्लॉकवर विसंबू नये. आणि अलास्कात काउंट्याच नाहीत, तर कनेक्टिकटचे जनगणना-तक्ते 2022 पासून जुन्या काउंट्यांनुसार येत नाहीत. जोडणी करताना ही दोन राज्यं गुपचूप गळतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

गावठाण

आकडेबहाद्दर, उत्तम. पण गटाची व्याख्याच चुकली असेल तर ही सगळी यंत्रं काय करणार? "लॅटिनो" हा गट निवडणुकीच्या दृष्टीने अस्तित्वात आहे असं मला वाटत नाही.

फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीत क्युबातून, व्हेनेझुएलातून आलेली मंडळी, डाव्या राजवटींना विटून देश सोडलेली. ओरलँडोजवळच्या ओसिओला काउंटीत पोर्टो रिकोची माणसं, जन्माने नागरिक, उत्पन्न बेताचं. आणि टेक्सासच्या सीमेवर स्टार काउंटी, जिथली 97 टक्के वस्ती लॅटिनो असली तरी कित्येक घराणी पिढ्यानपिढ्या तिथलीच आहेत. भागातल्या बऱ्या पगाराच्या नोकऱ्या सीमा पोलिसांत नाहीतर तेल-वायूच्या धंद्यात.

क्लिंटन यांनी 2016 ला मायामी-डेड 29 अंकांनी (म्हणजे मतांच्या टक्केवारीतल्या फरकाने) घेतली, बायडन यांनी फक्त 7 अंकांनी, आणि 2024 ला ती ट्रम्प यांच्याकडे गेली. रिपब्लिकनांनी ती याआधी 1988 ला जिंकली होती. ओसिओलाही 2024 ला गेली. स्टारने तर 1896 पासून न चुकता डेमोक्रॅटांना दिलं होतं, तीही गेली. आता "लॅटिनो सरकले" असं एका दमात म्हणता येईल, पण कारणं तिन्हीकडे वेगळी.

मोजपट्टी

कारणं वेगळी असतील, सरकणं मात्र एकाच दिशेने आणि एकाच वेळी झालं, हे तुमच्याच उदाहरणातून दिसतंय. प्यू या जनमत-पाहणी संस्थेने ज्यांनी खरोखर मत दिलं हे नोंदींवरून तपासलं अशा मतदारांच्या पाहणीत 2020 ला लॅटिनोंमध्ये बायडन 61, ट्रम्प 36. 2024 ला हॅरिस 51, ट्रम्प 48. फ्लोरिडा, टेक्सास, न्यू जर्सी, सगळीकडे. निव्वळ मुलखाचा प्रश्न असता तर हे एकदम कसं झालं असतं?

गावठाण

न्यू जर्सीचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून. पसेइक काउंटीत 40 टक्क्यांहून जास्त लॅटिनो. 2024 ला तिथे ट्रम्प जिंकले, एका वर्षात गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट मायकी शेरिल यांनी ती आरामात परत आणली. तीच वस्ती. महागाईवर सत्ताधाऱ्याला धडा शिकवणारा मतदार तुम्ही गटाच्या खात्यात मांडताय.

चिवडा

मराठी माणसाचं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही? मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटचा बराचसा भाग असलेल्या मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघातून खासदार आहेत. शहर बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं. ते 2022 ला निवडून आले तेव्हा जवळपास 70 वर्षांत प्रथमच डेट्रॉइटचा काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. गट बघून मत पडतं तर हे कसं?

मोजपट्टी

ते प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीचं, गणित आहे. सुरक्षित डेमोक्रॅट मतदारसंघात खरी लढत प्रायमरीतच होते. 2022 ला नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय. मतं फुटली आणि ठाणेदारांना 28 टक्के पुरली. शिवाय त्यांनी प्रचारात स्वतःचा भरपूर पैसा ओतला होता.

तिरपागडे

आणि 2024 च्या प्रायमरीत त्याच मतदारसंघात निम्म्याहून जास्त मतं घेऊन ते जिंकले, ते कोणाच्या फाटाफुटीने? गटाची चौकट सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाच्या नावामुळे टिकते. प्रायमरीत दोन्हीकडे तोच पक्ष असतो, तिथे ओळख, पैसा आणि मतदारसंघातलं काम पुढे येतं. तुम्ही ज्याला गटाचं मत म्हणता त्यातलं बरंचसं पक्षाचं मत आहे.

जाता जाता रोबसन काउंटी, नॉर्थ कॅरोलायना. लम्बी आदिवासी, कृष्णवर्णीय आणि गोरे, तिघेही मोठ्या संख्येने. कोणा एकाचं बहुमत नाही. 2012 ला ओबामांना 58 टक्के, 2020 ला ट्रम्प यांना 59. आठ वर्षांत लोक काही बदलले नव्हते.

सोनचाफा

वर्णाच्या चर्चेत शिक्षण एका ओळीत उरकलंत. गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात मोठी उलथापालथ गोऱ्यांमध्ये पदवी असलेले आणि नसलेले यांच्यात झाली. विस्कॉन्सिनची वॉकेशा काउंटी, मिलवॉकीचं सुशिक्षित, सधन उपनगर: 2012 ला रोम्नी साधारण 35 अंकांनी पुढे, 2020 ला ट्रम्प साधारण 21. उलट टोकाला केंटकीची एलियट काउंटी, जवळपास सगळी गोरी, पदवीधर मोजकेच. 1872 पासून 2012 पर्यंत प्रत्येक वेळी डेमोक्रॅट, आणि 2016 ला एका फटक्यात ट्रम्प 70 टक्के.

विस्कॉन्सिनचा निकाल 2016 ला सुमारे 22,700, 2020 ला 20,700 आणि 2024 ला 29,400 मतांनी लागला. एवढ्या फरकात रिपब्लिकनांची वॉकेशातली गळती आणि नैर्ऋत्येच्या दुग्धव्यवसायाच्या पट्ट्यातली भर यांचा निव्वळ हिशेबच राज्य ठरवतो. मोजपट्टींच्या वर्णाच्या रकान्यात हे दोन्ही भाग "गोरे" म्हणूनच बसतील.

मोजपट्टी

शिक्षण मान्य. तो रकाना मी जोडतो. तरी स्टार काउंटीबद्दल एक विचारतो, कारण सगळे तिच्यावरच येऊन थांबताहेत: तिथे डेमोक्रॅटांचे मतदार फुटले की घरी बसले?

आकडेबहाद्दर

टक्के सोडा, मतं बघा. 2016 ला क्लिंटन सुमारे 9,300, ट्रम्प 2,200. 2020 ला बायडन 9,100, ट्रम्प 8,200. म्हणजे डेमोक्रॅटांची मतं जवळपास तेवढीच राहिली आणि समोर सहा हजारांची भर पडली. आधी मत न देणारे मोठ्या संख्येने बाहेर पडल्याशिवाय हे होत नाही. 2024 ला हॅरिस 6,900, ट्रम्प 9,500. या खेपेला ट्रम्प यांची वाढ 1,300 च्या आसपास, पण डेमोक्रॅटांची घट 2,200. सलग दोन निवडणुकांत एकाच दिशेने सरकलेला हा आकडा दोन वेगवेगळ्या मार्गांनी सरकलाय.

आता या 2,200 पैकी किती फुटले आणि किती घरी बसले हे बेरजेवरून कळणार नाही. जुने 9,100 तेच्या तेच आले असंही धरता येत नाही. त्यासाठी टेक्सासची मतदार यादी लागेल. तिथे नोंदणी करताना पक्ष विचारत नाहीत, पण कोणी कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं आणि कुठल्या निवडणुकीत मत दिलं हे नोंदलेलं असतं. जे 2018 किंवा 2020 ला डेमोक्रॅट प्रायमरीत आले होते त्यांची नावं काढा, नोव्हेंबर 2024 ला त्यातले किती आले ते मोजा, वारलेले आणि काउंटी सोडून गेलेले वजा करा. न आलेल्यांचा आकडा हाती येईल. आलेल्यांनी कोणाला दिलं, ते तेव्हाही कळणार नाही.

तिरपागडे

त्याच निवडणुकीत स्टार ज्यात येते त्या 28 व्या मतदारसंघातून डेमोक्रॅट हेन्री क्वेयार पुन्हा निवडून आले, हेही त्या यादीसोबत ठेवा. मतदारसंघात अध्यक्षपदासाठी ट्रम्प पुढे आणि खासदारकीला क्वेयार. मोजपट्टी, एकाच मतपत्रिकेवर दोन पक्षांना मत देणारा हा माणूस तुमच्या कुठल्या रकान्यात घालणार?