मदत हवी आहे: डायजेस्टरच्या स्लरीत प्लास्टिकचे तुकडे येतायत
नमस्कार मंडळी. मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका डेअरी फार्मच्या बायोगॅस प्लांटवर काम करते. आमच्या डायजेस्टरमध्ये, म्हणजे जिवाणू शेण कुजवून गॅस बनवतात त्या बंद टाकीत, शेणाबरोबर बाहेरून आलेलं खरकटंही जातं. या राज्यात 2014 पासून आठवड्याला एक टन किंवा जास्त अन्नकचरा करणाऱ्या आस्थापनांना तो कचऱ्यात फेकायला बंदी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ही मर्यादा अर्ध्या टनावर आली. नियम मला मनापासून पटतो. पण आमच्याकडे पाकीटबंद माल वाढलाय. परवा पाकिटं फोडून अन्न वेगळं करणाऱ्या डिपॅकेजिंग मशीनमधून निघालेला लगदा हातात घेऊन पाहिला, तर दह्याच्या झाकणाचे नखाएवढे चंदेरी तुकडे! जिवाणू ते पचवत नाहीत, म्हणजे स्लरीतून, टाकीतून निघणाऱ्या पातळ खतातून, थेट शेतात. त्याच शेतातला चारा आमच्या गाई खातात हो.

शेजारच्या व्हर्मॉंटमध्ये 1 जुलै 2020 पासून घरच्या खरकट्यालाही लँडफिल (कचरा पुरायची जागा) बंद आहे. तिथे किंवा इतर राज्यांत काम करणारं कोणी आहे का? तुमच्या परवान्यात स्लरीतल्या प्लास्टिकची मर्यादा लिहिलेली आहे का? नमुना टाकीआधी घेता की नंतर? आणि खराब माल परत पाठवायची अट पुरवठादाराच्या करारात कशी घातलीत? मसुदा असेल तर कृपया पाठवा.