'शिप चँडलर'ला मराठीत काय म्हणावं?

एका भाषांतरात 'शिप चँडलर' आलाय. कोशात चँडलर म्हणजे मेणबत्त्या करणारा. जहाजावर इतक्या मेणबत्त्या कशाला लागतील? शिवाय हे आडनावही आहे.

– कोशातला अर्थ बरोबर आहे, पण तो मुळातला. लंडनमध्ये मेणबत्तीवाल्यांचे दोन वेगळे संघ होते, अजूनही आहेत. चरबीवाल्यांना १४६२ साली राजाची सनद मिळाली, मेणवाल्यांना १४८४ साली. मधमाश्यांच्या मेणाची बत्ती चर्चमध्ये आणि श्रीमंतांकडे जळायची; चरबीची धूर करायची, वास मारायची, पण सामान्यांना तीच परवडायची. चरबीवाले साबण, तेल, व्हिनेगरही विकत. हळूहळू चँडलर म्हणजे किरकोळ दुकानदार झाला. 'कॉर्न चँडलर' दाणावैरण विकायचा, तर 'शिप चँडलर' दोरखंड, डांबर, शिडाचं कापड. आता तो बंदरात आलेल्या जहाजाला भाजीपाल्यापासून रंगापर्यंत सगळं पोचवतो.

आडनाव आपल्या तेली, लोहारासारखंच, धंद्यावरून पडलेलं. तिथे मात्र अर्थ लावत बसू नका. पृथ्वीचा अक्ष सुमारे ४३३ दिवसांच्या आवर्तनात किंचित डोलतो, त्याला 'चँडलर वॉबल' म्हणतात, कारण १८९१ साली ते सेथ चँडलर यांनी दाखवून दिलं. ॲरिझोनातलं चँडलर शहरही एका पशुवैद्याच्या आडनावावरून आहे.

– मग 'मोदी' का नको? जुन्या मराठीत मोदी म्हणजे शिधासामग्री पुरवणारा वाणी. मोदीखाना शब्द बखरी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. तोही धंदा आणि आडनाव दोन्ही. 'जहाजाचा मोदी' मला फार आवडेल.

– शब्द अस्सल आहे, पण आजचा वाचक आडनावापाशीच थांबेल. कथा जुन्या काळातली असेल तर जरूर वापरा. एरवी 'जहाजांना सामान पुरवणारे' लिहावं. व्यवहारात मुंबईच्या बंदरात 'शिप चँडलर'च म्हणतात, तेही चालेल.

– कथा १८५० च्या सुमाराची आहे, म्हणून 'जहाजाचा मोदी' घेते. पण चँडलर आणि चंद्र यांचं काही नातं आहे का? उच्चार फार जवळचा वाटतो.

– आहे! चँडलरच्या मुळाशी लॅटिन 'कँडेला', म्हणजे मेणबत्ती, आणि तिच्या मुळाशी 'चकाकणे' या अर्थाचा धातू. आपला चंद्र त्याच कुळातला. वेदांत 'श्चंद्र' असंही रूप येतं, झळाळणारा या अर्थी. हरिश्चंद्र म्हणताना मधला तो 'श्' आपण आजही उच्चारतो.