घरगुती पोकर टूर्नामेंट : चिप्स किती वाटायच्या, रिबाय कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

जळगावात आम्ही चुलत-मावस भावंडं आणि दोन-तीन मित्र शनिवारी रात्री टेक्सास होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळतो. एकच टेबल, नऊ जण. पैसे लावत नाही. (१८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, पण आमच्या आत्याबाईंपुढे तो कायदा परवडला.) वर्षभराचा गुणतक्ता ठेवतो. तक्त्यात जो तळाला, त्याने हिवाळ्यात शेतावरच्या पार्टीत कपाशीच्या काड्या पेटवून सगळ्यांची भरताची वांगी भाजायची. धुरात दोन तास बसावं लागतं, त्यामुळे लोक मनापासून खेळतात.

सेट ३०० चिप्सचा आहे, आकडे छापलेले नाहीत. पांढऱ्या १००, लाल १००, हिरव्या ५०, काळ्या ५०. आम्ही किमती ठरवल्या २५, ५०, १०० आणि २००. प्रत्येकाला १५००. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, एक छोटा, एक मोठा) २५/५० पासून, दर पंधरा मिनिटांनी दुप्पट.

व्हायचं काय, की पहिल्या तासातच तीन-चार जण बाद होऊन बाजूला मेंढीकोट मांडून बसायचे आणि तिकडचा आरडाओरडा इकडे. म्हणून रिबाय (बाद झालेल्याने परत चिप्स घेऊन खेळात यायचं) सुरू केला, हवे तितके. तर तीन पत्तीची सवय असलेली मंडळी पानं न बघताच ऑल-इन मारायला (सगळ्या चिप्स एकदम लावायला) लागली. गेले तर गेले, परत घेऊ! मागच्या खेपेला चिप्सच संपल्या. एकाने स्वयंपाकघरातून चिंचोके आणले, एक चिंचोका हजाराचा. रात्री मोजले तर दिले होते त्याहून जास्त निघाले आणि कोणी कबूल होईना.

भुसावळवाल्यांना गाडीवरून परत जायचं असतं, त्यामुळे नऊला बसून साडेबाराच्या आत संपायला हवं. रिबाय ठेवावा की बंदच करावा? ठेवला तर किती आणि कधीपर्यंत?

धुळेकर :

काय भो, आधी किमती बदला. २५-५०-१००-२०० इतक्या जवळजवळच्या ठेवल्या तर अख्ख्या सेटची बेरीज २२,५०० होते. त्यातले १३,५०० सुरुवातीलाच वाटले जातात, म्हणजे सहा रिबायमध्ये डबा रिकामा. चिंचोके येणारच.

पांढरी २५, लाल १००, हिरवी ५००, काळी १०००. प्रत्येकाला ८ पांढऱ्या, ८ लाल, ४ हिरव्या : बरोबर ३०००. काळ्यांना सुरुवातीला हात लावायचा नाही. रिबाय घेतला की तीन काळ्या हातावर ठेवायच्या, सुट्टे त्याने टेबलावरून करून घ्यावेत. पन्नास काळ्यांत सोळा रिबाय बसतात.

दुसरं, तुमची माणसं वेडी नाहीत. १५०० म्हणजे जेमतेम ३० बिग ब्लाइंड (दोनातला मोठा, सुरुवातीला ५०), आणि दर वेळी दुप्पट म्हटल्यावर अर्ध्या तासात १००/२०० येतात. तेव्हा १५०० ला साडेसातच बिग ब्लाइंड उरतात. तिथे ऑल-इन नाही तर दुसरं काय करणार? ३००० दिले तर ६० मिळतात आणि फ्लॉपनंतर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) जरा विचार करता येतो.

लेव्हल (ब्लाइंडचा एकेक टप्पा) वीस मिनिटांची : २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००. मग दहा मिनिटं चहा. चहात पांढऱ्या सगळ्या गोळा करून लाल द्यायच्या. एक-दोन सुट्ट्या उरल्या तरी एक लाल देऊन टाका, घरात त्यावरून वाद नको. पुढे २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१२००, १०००/२०००. यात ५० ची चिप कुठेच लागत नाही, म्हणून ही रचना. टेबलावरची बेरीज वीसेक बिग ब्लाइंडच्या आसपास आली की खेळ आवरतो. सहा रिबाय धरून तुमची बेरीज ४५,०००, म्हणजे १०००/२००० च्या सुमारास, सव्वाबारापर्यंत उठाल.

तापीकाठ :

माझं मत, रिबाय बंदच करा. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये (मुख्य स्पर्धेत) नसतो, बाद म्हणजे बाद.

धुळेकर :

दादा, तिथे ६०,००० चिप्स, सुरुवातीला १००/२०० आणि दोन-दोन तासांची लेव्हल असते. इथे माणूस भुसावळहून येऊन साडेनऊला बाद झाला तर पुढच्या शनिवारी येईल का? रिबाय ठेवा, पण माणशी एकच, चिप्स शून्यावर आल्यावरच, आणि चौथी लेव्हल संपेपर्यंत. त्या वेळी ३००० म्हणजे १५ बिग ब्लाइंड राहतात, म्हणजे उशिरा घेणाऱ्याला फुकटचा फायदाही नाही.

आणि मुख्य म्हणजे त्याला किंमत लावा. पैसे नाहीत म्हणूनच तुमचा रिबाय स्वस्त झालाय. तक्त्यातून गुण कापा. पहिल्याला नऊ, दुसऱ्याला आठ असे देत असाल तर एका रिबायला दोन उणे. वांगी भाजायची भीती आपोआप कामाला येईल. ॲड-ऑनच्या (बाद न होताही जादा चिप्स घेण्याच्या) भानगडीत पडू नका, नाहीतर साडेबारा विसरा.

धागाकर्ता :

धुळेकर भाऊ, मनापासून आभार. गुण कापायची गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती. गटावर टाकलं तर सगळ्यात जास्त रिबाय घेणाऱ्याने लगेच विरोध केला, म्हणजे नियम बरोबर आहे. एक शंका : चौथ्या लेव्हलचा गजर वाजला तेव्हा डाव चालू असेल आणि त्यात कोणी बाद झाला, तर त्याला रिबाय द्यायचा का?

धुळेकर :

पत्ते वाटायला गजराआधी सुरुवात झाली असेल तर द्यायचा, त्याने आधी घेतलेला नसेल तर. त्यासाठी गजर मोबाईलवर लावून मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवा, कोणाच्या खिशात नको.