मदत हवी आहे: पिट्सचं मॉडेल उलटं केलं की नाक टाकतं

नमस्कार मंडळी,

पिट्स एस-१सी या एकासनी बायप्लेनचं (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचं) रेडिओवर उडणारं मॉडेल बांधलंय, मूळ विमानाच्या पाव मापाचं. पंखांची लांबी १.२८ मीटर, बॅटरीसकट वजन २.४ किलो. सरळ उडताना काही तक्रार नाही, लूपही (हवेतली उभी कोलांटी) छान गोल येतो. पण उलटं केलं की नाक खाली. रिमोटची काडी अंगठ्याने पार टोकापर्यंत पुढे दाबून धरली तरी दोन-तीन सेकंदांत उंची सुटते आणि मला ते घाईने सरळ करावं लागतं.

एका अनुभवी मित्राचं म्हणणं, दोष पंखाच्या छेदाचा, म्हणजे कापून बाजूने पाहिल्यास दिसणाऱ्या आकाराचा. एस-१सीचा पंख वरून फुगीर, खालून जवळजवळ सपाट. उलटं झाल्यावर असा पंख नाखुशीनेच उचल देतो. या विमानाचे जनक कर्टिस पिट्स यांनी पुढे एस-१एस या सुधारित मॉडेलला दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर छेद दिला आणि दोनाऐवजी चार एलेरॉन (विमान कुशीवर वळवणाऱ्या पंखावरच्या फळ्या) बसवले. १९७२ च्या हवाई कसरतींच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकन संघ जिंकला तो पिट्सवरच. तेव्हा पंख नवे बांध, असा त्याचा सल्ला.

पण मी बांधलंय ते अमेरिकन कसरतपटू वैमानिक बेटी स्केल्टनचं 'लिटल स्टिंकर'. पिट्स यांनी बांधलेलं या जातीचं फक्त दुसरं विमान, इंजिन अवघं ८५ अश्वशक्तीचं. ते उलटं करून जमिनीपासून जेमतेम १० फुटांवर ताणलेली फीत ती कापायची, तीही याच सपाट पोटाच्या पंखांवर! वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ते आज उलटंच टांगलेलं आहे. पंख बदलले तर लाल-पांढऱ्या रंगाखाली तिचं विमान उरणारच नाही, आणि मला तेच हवंय.

म्हणून दोष दुसरीकडे असावा असं वाटतं. इंजिनऐवजी मोटर आहे आणि बॅटरी अगदी फायरवॉलला (मोटरमागच्या आडव्या भिंतीला) टेकवून ठेवलीय, त्यामुळे नाक जड झालं असेल का? एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) वर-खाली प्रत्येकी १२ अंशच फिरतो. आधी बॅटरी मागे सरकवून पाहू, की एलिव्हेटरची हालचाल वाढवू? दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. वाढवायचीच तर किती अंशांपर्यंत, की लूपमध्ये अचानक स्टॉल होऊन (पंखांची उचल तुटून) गिरकी बसणार नाही?

सपाट छेदाचं बायप्लेन ज्यांनी उलटं उडवलंय त्यांनी आपले आकडे दिले तर फार मदत होईल.