विषय : डोनटचे चांगले दुकान कसे पारखावे?

सप्रेम नमस्कार,

शहरात नव्याने राहायला आलेल्या आम्हा काही सभासदांना डोनटची चांगली दुकाने शोधायची आहेत. इंटरनेटवर पाहावे, तर जवळजवळ प्रत्येक दुकानाला साडेचार तारे आहेत, त्यामुळे काहीच ठरवता येत नाही. जाणकारांनी नावांची यादी देण्याऐवजी पारख कशी करावी हे सांगितले, तर अधिक उपयोग होईल. आमच्यापैकी काही जण अंडे खात नाहीत. त्यांनी काय विचारावे, तेही कृपया कळवावे.

— एक नवीन सभासद

नमस्कार,

परीक्षणे वाचताना लिहिणारा दुकानात किती वाजता गेला होता, हे आधी पाहावे. तळून काही तास झाले की डोनटमधला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो आणि साखरेचा लेप ओलावा धरून चिकट होतो, त्यामुळे सकाळी लुसलुशीत असलेला डोनट संध्याकाळी वातड लागतो. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : डोनट इथेच तळता का, आणि दिवसातून किती वेळा?

दुसरे म्हणजे, पहिल्या भेटीत साधा ग्लेझ्ड, म्हणजे फक्त साखरेचा लेप दिलेला डोनटच मागवावा, कारण चॉकलेट आणि रंगीत सजावटीखाली पुष्कळ दोष झाकले जातात. यीस्टने फुगवलेला डोनट हाताला हलका लागतो आणि त्याच्या कडेने फिकट पट्टा दिसतो. चांगले फुगलेले पीठ तेलावर तरंगत असल्याने दोन्ही बाजू तळल्या तरी मधल्या भागाला तेल फारसे लागत नाही. बेकिंग पावडरच्या केक डोनटमध्ये मात्र हा पट्टा शोधू नये. तो जडच असतो, त्याचे कवच खुसखुशीत आहे का, एवढे पाहावे. तेल साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअस तापलेले हवे. ते थंड असले, तर डोनट तेल पितो आणि टाळूला तुपकट थर जाणवतो. जुन्या तेलाचा खवट वास तर दारातच येतो. अशा वेळी सरळ परत फिरावे.

अंडे न खाणाऱ्यांनी पिठात अंडे आहे का, एवढ्यावर थांबू नये. काही ठिकाणी प्राण्यांच्या चरबीत तळतात, आणि व्हीगन (कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेले) डोनटही इतरांबरोबर एकाच तेलात तळलेले असू शकतात. हे दोन्ही स्पष्ट विचारावे.

— एक जुना सभासद

नमस्कार,

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सकाळचा आग्रह थोडा सैल करावा, कारण काही दुकाने रात्री उशिरापर्यंत तळत असतात. कस्टर्ड भरलेल्या डोनटबाबत मात्र मी अधिक कडक आहे. कस्टर्ड थंड ठेवावे लागते, पण फ्रिजमध्ये डोनट अधिकच लवकर शिळा होतो. म्हणून आधीच भरून गार कपाटात मांडलेले डोनट टाळावेत आणि मागणी दिल्यावर समोर भरून देणारे दुकान निवडावे.

— आणखी एक सभासद